ऊन किती आणि उष्णता किती

वसंत ऋतूत व्याख्याने ठेवण्याची चाल पुण्याची. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये तेथे वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे ती चाल गावोगाव पसरली. पुण्याला वसंत असतो. आमच्या वाशीम-कारंजाकडे तो पंचांगात असतो. चैत्र संपतो न संपतो तोच पारा चाळिशी ओलांडतो आणि वक्त्याने व्यासपीठावर यावे ते दिवस मावळल्यावर, श्रोत्यांनी हातातल्या कागदाने वारा घेत बसावे, असा आमचा वसंत. तेव्हा उष्णतेच्या इतिहासावर चार शब्द बोलण्यास याहून योग्य वेळ आणि याहून योग्य गाव आम्हांला सुचत नाही.

सभेला येताना प्रत्येकाने एक गोष्ट अनुभवली असेल. सूर्य मावळून दोन घटका झाल्या तरी देवळाची काळ्या पाषाणाची पायरी बसू देत नाही. शेजारचा मातीचा, शेणाने सारवलेला ओटा मात्र कोमट. आणि वाशीमच्या पद्मतीर्थासारख्या तळ्यात पाय सोडावा तर पाणी थंड. दिवसभर तिघांवर एकच सूर्य तळपत होता. त्याने कोणाला कमी, कोणाला जास्त असे दिले नाही. मग संध्याकाळी तिघांची अवस्था तीन प्रकारची का? प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे उत्तर माणसाला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सापडले नव्हते, कारण त्या आधी कोणी तो नीट विचारलाच नव्हता. 'किती ऊन आहे' आणि 'किती उष्णता आहे' हे दोन निराळे प्रश्न आहेत, एवढी एक गोष्ट कळण्यासाठी जगाला फार वाट पाहावी लागली. आज आम्ही सांगणार आहोत ती मुख्यतः त्या एका गोष्टीची कथा.

हाताच्या साक्षीवर विसंबलो तर हा भेद कळणे कठीणच. रात्री नऊ वाजता लोखंडी फाटकाला हात लावा आणि मग त्याच फाटकाशेजारच्या लाकडी बाकाला. फाटक चटका देते, बाक देत नाही. तापमापक लावला तर दोघांचा अंक जवळजवळ सारखा निघेल. लोखंड आपली उष्णता तळहाताला झटकन देऊन टाकते, लाकूड ती हात आखडून देते. आपली त्वचा मोजते ती देण्याघेण्याची गती. थंडीत उलट घडते, तेच फाटक बोटातली ऊब ओढून घेते आणि बर्फासारखे लागते. फाटक तेच, हात तोच, आणि साक्ष दोन प्रकारची.

आमच्या पूर्वजांनी उष्णतेचा विचार केला नव्हता असे नाही. कुंभाराच्या आव्यात कच्चे मडके जाते आणि लाल, टणक होऊन बाहेर येते, तेव्हा आत काय घडते, यावर न्याय आणि वैशेषिक या दोन दर्शनांत मोठा वाद झाला. वैशेषिकांचे म्हणणे असे की, तेजाच्या आघाताने मडके परमाणूंपर्यंत सुटे होते, परमाणू भाजले जातात आणि मग पुन्हा नवे मडके जुळते. याला पीलुपाक म्हणत. नैयायिक म्हणत, छे! मडके मोडत नाही. त्याला बारीक छिद्रे असतात, त्यांतून तेज आत शिरते आणि सगळे मडके जागच्या जागी भाजते. हा पिठरपाक. वाद वाचताना आजही मन रमते. तथापि, आधुनिक शास्त्राचे सगळे आमच्याकडे आधीच होते, अशी प्रौढी यावरून मिरवू नये. वाद करणाऱ्या दोन्ही पक्षांच्या हाती मोजण्याचे साधन नव्हते. मडक्यात किती तेज गेले, हे कोणी विचारले नाही, आणि कुंभाराला तर कोणी काहीच विचारले नाही.

मोजण्याचे साधन आले ते युरोपात. फॅरनहाइटने १७१४ च्या सुमारास पाऱ्याचा विश्वासू तापमापक बनवला. १७४२ मध्ये स्वीडनच्या सेल्सिअसने शंभर भागांची मोजपट्टी सुचवली. गंमत अशी की, त्याच्या पट्टीवर उकळत्या पाण्याला शून्य आणि गोठत्या पाण्याला शंभर होते. ती लवकरच उलटी करून घेण्यात आली. पुढील विवेचनात 'अंश' म्हणजे आपल्या सवयीचा सेल्सिअसचा अंश. जुन्या प्रयोगांत फॅरनहाइटचा असेल तेथे तसे सांगू. पण तापमापक हाती आला आणि नवाच घोटाळा झाला. विद्वानांना वाटू लागले की, पारा जितका वर, तितकी वस्तूत उष्णता जास्त. म्हणजे सुईचे लाल झालेले टोक आणि रांजणभर कोमट पाणी यांत उष्णता जास्त कोणात, तर सुईत! घरात चूल सांभाळणाऱ्या कोणत्याही बाईने यावर हसून उत्तर दिले असते.

हा घोटाळा सोडवला जोसेफ ब्लॅक याने. ग्लासगो विद्यापीठातला हा वैद्यक आणि रसायनशास्त्राचा अध्यापक, जन्म १७२८ चा. स्वभावाने संथ आणि लिहिण्याचा कंटाळा असलेला. आपला सर्वांत मोठा शोध त्याने कधी छापला नाही. वर्षानुवर्षे वर्गात सांगत राहिला आणि त्याची व्याख्याने १७९९ मधील त्याच्या मृत्यूनंतर १८०३ मध्ये ग्रंथरूपाने आली.

ब्लॅकने एका जुन्या प्रयोगाकडे नव्या डोळ्यांनी पाहिले. फॅरनहाइटच्या मोजपट्टीवर १०० अंशांचे पाणी आणि त्याच मापाचा १५० अंशांचा पारा एकत्र केला, तर मिश्रण १२५ अंशांवर यावे असे कोणालाही वाटेल. ते येते १२० वर. पारा तीस अंश उतरला आणि पाणी केवळ वीस अंश चढले. पारा पाण्यापेक्षा तेरा-चौदा पट जड आहे, तरी उष्णता साठवण्यात तो पाण्याच्या मागे! ब्लॅकने यातून अनुमान काढले की, प्रत्येक पदार्थाची उष्णता पोटात घेण्याची शक्ती निराळी असते. तिचा वजनाशी संबंध लावता येत नाही, ती प्रयोगानेच शोधावी लागते. यालाच आपण आज विशिष्ट उष्णता म्हणतो.

हिशेबासाठी एक माप ठरवून घेऊ. एक किलो पाणी एक अंशाने तापवण्यास जी उष्णता लागते तिला शास्त्रात किलोकॅलरी म्हणतात. आपण तिला नुसते 'माप' म्हणू. पाण्याला एक माप लागते तेथे तेवढ्याच वजनाच्या आपल्या काळ्या पाषाणाला सुमारे एक पंचमांश पुरते. लोखंडाला एक नवमांश, तांब्याला त्याहून थोडे कमी, आणि पाऱ्याला एक तिसांश. आता पायरीचे कोडे निम्मे सुटले. जेवढ्या उन्हाने किलोभर पाणी एक अंश चढते, तेवढ्यानेच किलोभर दगड पाच अंश चढतो. उरलेले निम्मे असे की, दगडावर ऊन वरच्या थरातच अडकते, तर पाण्यात ते खोलवर शिरते आणि वाऱ्याने पाणी ढवळले जाऊन सर्वत्र पसरते. शिवाय पाणी आणखी एक युक्ती करते, तीही ब्लॅकनेच उघडकीस आणली. तिच्याकडे आता वळू.

१७६१ च्या सुमारास ब्लॅकने काचेचे दोन सारखे गोळे घेतले, चार इंच रुंदीचे. एकात गोठण्याच्या बेतात आलेले पाणी, फॅरनहाइटचे ३३ अंश. दुसऱ्यात तेवढेच पाणी, पण गोठवून बर्फ केलेले. दोन्ही गोळे एका मोठ्या, थंड दालनात टांगले. दालनाचे तापमान ४७ अंश. अर्ध्या तासात पहिल्या गोळ्यातले पाणी सात अंशांनी चढून ४० वर आले. दुसऱ्या गोळ्याकडे ब्लॅक पाहत बसला. तास गेला, दोन तास गेले. बर्फ हळूहळू वितळत होता, पण पारा काही हलेना. तो गोळा ४० अंशांवर येण्यास साडेदहा तास लागले. म्हणजे एकवीस अर्धे तास. दर अर्ध्या तासाला सात अंशांएवढी उष्णता दालनातून आत येत होती, हे पहिल्या गोळ्याने दाखवलेच होते. एकवीस साते एकशे सत्तेचाळीस. त्यांतले आठ अंश दिसले. बाकीचे एकशे एकोणचाळीस गेले कोठे?

ते बर्फाला पाणी करण्यात खर्च झाले, आणि तापमापकाला त्याचा पत्ता लागला नाही. ब्लॅकने या उष्णतेला लपलेली, सुप्त उष्णता म्हटले. आजच्या बारीक मोजणीने किलोभर बर्फ वितळण्यास आपली ८० मापे लागतात. ब्लॅकचा आकडा सेल्सिअसमध्ये फिरवला तर ७७ च्या वर येतो. दोन काचेचे गोळे, एक घड्याळ आणि दिवसभर बसून राहण्याची तयारी, एवढ्या सामग्रीवर! विज्ञानाच्या इतिहासात याहून स्वस्त आणि याहून मोलाचा प्रयोग आम्हांला तरी ठाऊक नाही.

मग त्याने पाणी उकळायला घेतले. थंड पाणी आधणापर्यंत यायला चार मिनिटे लागली, आणि ते सगळे आटून वाफ होण्यास त्याच विस्तवावर आणखी वीस. आधण आल्यावर पारा पुन्हा जागच्या जागी. चुलीवर भात ठेवणाऱ्या माउलीला हे रोजचेच. आधण आल्यावर जाळ कितीही वाढवला तरी पाणी अधिक तापत नाही, फक्त लवकर आटते, म्हणून ती लाकूड मागे ओढते. मात्र त्या आटण्यात किती उष्णता जाते, हे पहिल्यांदा मोजले गेले. आजचा आकडा दर किलोला सुमारे ५४० मापे. घरातल्या तापमानाला पाणी सुकते तेव्हा तर त्याहून जरा जास्त, ५८० च्या आसपास.

हा ५८० चा आकडा वऱ्हाडातल्या माणसाने ध्यानात ठेवावा, कारण आमचा उन्हाळा याच आकड्यावर निभावतो. माठात पाच लिटर पाणी आहे असे धरा. मातीच्या बारीक छिद्रांतून ते बाहेर झिरपते आणि वाळते. त्यातले शंभर ग्रॅम वाळले म्हणजे ५८ मापे उष्णता गेली, आणि ती बहुतांशी आतल्या पाण्यातूनच जाते. भोवतालची हवा मध्ये काही परत देत नसेल तर पाणी दहा-बारा अंशांनी उतरेल. जुना माठ गार करीत नाही अशी तक्रार असते, ती खरी आहे. पाण्यातल्या क्षारांनी त्याची छिद्रे बुजलेली असतात. वाळ्याची ताटी आणि तिचे आजचे रूप म्हणजे कूलर, यांचाही कारभार हाच. कूलरमधले एक लिटर पाणी वाळते तेव्हा ते सुमारे दोनशे घनमीटर हवा दहा अंशांनी थंड करू शकते. मुंबईकर पाहुणा कूलर पाहून नाक मुरडतो, कारण त्याच्या दमट हवेत तो चालत नाही. आमच्याकडेही मृगाचे पहिले पाणी पडले की कूलर नुसता घुरघुरतो. हवेने आधीच पाणी पिऊन ठेवलेले असते; तिला आणखी तहान नसते.

ब्लॅकच्याच विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणारा एक तरुण कारागीर होता, जेम्स वॅट. न्यूकमेनच्या वाफेच्या यंत्राचा एक नमुना १७६३-६४ च्या हिवाळ्यात त्याच्याकडे दुरुस्तीला आला. थोडीशी वाफ आपल्या सहापट वजनाचे थंड पाणी आधणापर्यंत तापवते, हे पाहून वॅट चकित झाला आणि ब्लॅककडे गेला. ब्लॅकने सुप्त उष्णता समजावून सांगितली. वॅटचे यंत्र त्या उपदेशातून जन्मले असे म्हणतात, ते तितकेसे खरे नाही. वॅटने आपली वाट स्वतः काढली. परंतु उष्णता कोठे वाया जाते याचा जमाखर्च मांडण्याची सवय त्याला तेथे लागली, आणि १७६५ मध्ये त्याला वाफ निवविण्यासाठी वेगळे पात्र ठेवण्याची कल्पना सुचली. जुन्या यंत्रात दर फेरीला अख्खा नळा तापवावा आणि निववावा लागे. तो खर्च वाचला, यंत्र स्वस्त झाले, आणि पुढच्या पन्नास वर्षांत लँकेशायरच्या सूतगिरण्या वाफेवर फिरू लागल्या.

येथून ही कथा आमच्या जिल्ह्याकडे येते. गिरण्यांना कापूस हवा होता. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस अडला, तेव्हा मँचेस्टरची नजर या काळ्या जमिनीवर खिळली. १८६७ मध्ये मुंबई-नागपूर लोहमार्ग वऱ्हाडातून पूर्ण झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी अडीच फूट रुंदीची छोटी गाडी आली. तीच आपली शकुंतला. ती किलिक निक्सन या खासगी कंपनीने घातली, मुख्यतः कापूस नेण्यासाठी. या गाडीला जे इंजिन लागले, ते १९२१ मध्ये मँचेस्टरला बांधलेले होते. १९२३ पासून ते राबले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त होऊन त्याच्या जागी डिझेलचे इंजिन आले. सत्तर वर्षे! कारंज्याच्या जुन्या माणसांना त्याची शिटी आठवते. आता ती गाडीही धावत नाही.

त्या इंजिनाच्या पोटात ब्लॅकचाच जमाखर्च चालत असे. चांगला कोळसा किलोला सहा-सात हजार मापे उष्णता देतो. तीस अंशांचे किलोभर पाणी आधणाला न्यायला सत्तर मापे, आणि त्याची वाफ करायला आणखी ५४०. खर्चाचा मोठा भाग लपलेलाच. एवढे करून जी वाफ दट्ट्या ढकलते, ती शंभरातले जेमतेम पाच-सहा भाग चाकाला देते आणि उरलेले धुराड्यातून आकाशात जातात. पण उष्णतेचे काम कसे होते? ती स्वतः नेमकी आहे तरी काय?

येथे ब्लॅकची विद्या संपत होती. उष्णता हा एक वजनरहित द्रव आहे, तो तापलेल्या वस्तूतून थंड वस्तूत वाहतो, असे त्याच्या काळी बहुतेकांना वाटे. फ्रान्सच्या लाव्हाझ्येने १७८९ मध्ये मूलद्रव्यांच्या यादीत त्याला 'कॅलॉरिक' या नावाने जागा दिली होती. आमच्या नैयायिकांचे छिद्रांतून शिरणारे तेज यापासून फार दूर नव्हते. या मताला पहिला जबर धक्का दिला काउंट रम्फर्डने. जन्माने अमेरिकन, सेवेने बव्हेरियाचा, आणि स्वभावाने बराच लबाड असा हा गृहस्थ म्यूनिकच्या शस्त्रागारात तोफा कोरून घेत असे. बोथट गिरमिट घोड्यांकडून फिरवून त्याने तोफेवरचे पाणी अडीच तासांत उकळवून दाखवले, विस्तवाशिवाय. घोडे फिरत राहतील तोवर उष्णता निघतच राहते. जे कधी संपत नाही ते द्रव्य कसे असेल, असे त्याने १७९८ मध्ये विचारले. पुढे त्याने लाव्हाझ्येच्या विधवेशीच लग्न केले, ते फार काळ टिकले नाही.

रम्फर्डचा प्रश्न बरोबर होता. हिशेब पुरा केला तो जेम्स जूलने. आणि हा जूल मँचेस्टरचा! शेजारच्या सॅल्फर्डला १८१८ मध्ये जन्मलेला, मद्याच्या भट्टीच्या मालकाचा मुलगा, कोणत्याही विद्यापीठात न गेलेला. भट्टीत तापमान अंशाच्या अंशापर्यंत सांभाळावे लागते, म्हणून बारीक तापमापकांशी त्याची लहानपणापासून ओळख. त्याने पाण्याच्या भांड्यात पंखे बसवले, दोरीला वजने बांधली, आणि वजन खाली येताना पंखे फिरून पाणी किती तापते ते मोजले. १८४३ मध्ये विद्वत्सभेत त्याने आपले म्हणणे मांडले तेव्हा ऐकणारे गप्प राहिले. तेव्हा २८ एप्रिल १८४७ रोजी त्याने मँचेस्टरच्या सेंट ॲन चर्चच्या वाचनालयात सामान्य नागरिकांपुढे व्याख्यान दिले आणि ते गावच्या वर्तमानपत्रात छापून आले. ऊर्जा नाश पावत नाही, रूप बदलते, हा सिद्धांत असा एका गावच्या व्याख्यानात, वसंतातच, सांगितला गेला. आमच्यासारख्या गावोगावच्या वक्त्यांना याचे थोडे समाधान वाटले तर ते क्षम्य मानावे. त्याच दशकात, १८४० मध्ये, बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दिग्दर्शन' मासिक काढून मराठीत विज्ञान सांगण्यास आरंभ केला होता, हेही येथे आठवते.

जूलचा हिशेब आपल्या मापात सांगायचा तर असा. किलोभर वजन ४२७ मीटर उंचीवरून खाली येते तेव्हा त्याच्या पडण्यात किलोभर पाणी एक अंश तापवण्याइतकी उष्णता असते. ऐकायला मोठे वाटते, पण दुसऱ्या बाजूने पाहा. एक कप चहाचे, म्हणजे दीडशे ग्रॅम पाणी तीस अंशांवरून आधणाला न्यायला साडेदहा मापे लागतात. तेवढ्या कामात साठ किलोची गोणी पंचाहत्तर मीटर वर चढवता येते. बाजार समितीत गोणी पाठीवर घेणाऱ्या हमालाला हे सांगितले तर त्याचा विश्वास बसणार नाही. जूलच्या थडग्यावर त्याचा आकडा इंग्रजी मापात कोरलेला आहे, ७७२.५५. माणसाच्या थडग्यावर पदव्या कोरतात; याच्या थडग्यावर उत्तर कोरले आहे.

हमालाचा उल्लेख आलाच आहे, तर शरीराकडे वळू. जूलच्याच सुमारास जर्मनीचा एक तरुण डॉक्टर, रॉबर्ट मायर, डच जहाजावरून जावा बेटाला गेला. १८४० मध्ये तेथे खलाशांचे रक्त काढताना शिरेतले रक्त त्याला नेहमीपेक्षा लालभडक दिसले. त्याने तर्क केला की, उष्ण प्रदेशात शरीराला ऊब राखण्यासाठी कमी जाळावे लागते, म्हणून प्राणवायू उरतो. त्यातून तो अन्न, काम आणि उष्णता यांच्या एकाच हिशेबापर्यंत पोचला आणि १८४२ मध्ये त्याने तो प्रसिद्ध केला. कोणी दखल घेतली नाही.

तो हिशेब वाशीमच्या शेतात मांडून पाहा. साठ किलोच्या माणसाचे शरीर एक अंशाने तापायला सुमारे ५० मापे पुरतात. वैशाखात शेताची मशागत करणारा माणूस ताशी तीनशेच्या घरात मापे उष्णता निर्माण करतो. ती बाहेर गेली नाही तर तासात सहा अंश. म्हणजे तास पुरा होण्याच्या आधीच प्राणावर बेतले. ती जाण्याचे मार्ग चार. भोवतालच्या वस्तूंना स्पर्शाने देणे, वाहत्या हवेला देणे, किरणांनी फेकणे, आणि घाम वाळवणे. त्वचा पस्तीस अंशांच्या आसपास असते. हवा चव्वेचाळीस अंशांवर गेली की पहिले तीन मार्ग उलटे होतात. जमीन, वारा आणि ऊन माणसालाच उष्णता देऊ लागतात. राहतो एक घाम, लिटरला ५८० मापांचा. तीनशे मापे घालवायची तर ताशी अर्धा लिटरहून अधिक घाम नुसता येऊन चालत नाही, अंगावर वाळला पाहिजे. तोंडाला आणि कानाला दुपट्टा गुंडाळण्याची आमच्याकडची रीत पाहून परका माणूस विचारतो की गरम होत नाही का? दुपट्टा झळा अंगावर येऊ देत नाही, आणि घामाने भिजला की स्वतःच माठाचे काम करतो. परंतु पाणी संपले, किंवा हवा दमट झाली, की हा शेवटचा मार्गही बंद. मग डोके दुखते, बोलणे असंबद्ध होते आणि घाम थांबतो. आमच्याकडे 'ऊन लागले' म्हणतात. खरे तर ऊन लागत नाही. उष्णता जायला वाट राहत नाही.

शेतातला माणूस निदान उन्हात असतो. घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला ऊन का लागावे? त्यासाठी आणखी एका फ्रेंच गृहस्थाची भेट घेतली पाहिजे. जोसेफ फूरिये, नेपोलियनबरोबर १७९८ मध्ये इजिप्तला गेलेला. त्याने १८२२ मध्ये उष्णता पदार्थातून कशी आणि किती वेगाने सरकते याचे गणित सिद्ध केले. बाहेरची उष्णता रोज चढते-उतरते. ती भिंतीत लाटेसारखी शिरते, जसजशी आत जाते तसतशी दमते आणि मागे पडते. दिवसाची लाट वीतभर मातीतच बरीच मरते. वर्षाची लाट दांडगी, ती काही मीटर खोल जाते. म्हणून खोल विहिरीचे पाणी बारा महिने जवळजवळ एकाच तापमानाचे असते. वैशाखात ते गार आणि माघात कोमट वाटते, तो आपल्या हाताचा दोष.

आता हातभर जाडीची पांढऱ्या मातीची भिंत घ्या, जशी आपल्या जुन्या माळवदाच्या घरांना असे. दुपारी दोनला तिच्यावर जास्तीत जास्त ऊन पडले, तर त्याची लाट आतल्या अंगाला पोचते पहाटेच्या सुमारास, आणि तीही चाळिसाव्या-पन्नासाव्या हिश्शाने. तोवर माणसे अंगणात बाजेवर निजलेली आणि पहाटवारा सुटलेला! ज्याने ही भिंत पहिल्यांदा घातली त्याला फूरिये ठाऊक नव्हता, आणि फूरियेला ही भिंत ठाऊक नव्हती. दोघांची गाठ घालून देण्याचे काम आमच्या शिकलेल्या पिढ्यांचे होते. आम्ही शाळेत विशिष्ट उष्णतेची उदाहरणे सोडवली, गुण मिळवले, आणि घर बांधताना पत्रा आणला.

पत्र्याला दोष देण्याचा आमचा विचार नाही. माळवद दरवर्षी निगा मागते, पावसात गळते, त्याला लागणारे सागवान परवडत नाही, आणि गरिबाला पत्र्याचे घर म्हणजे एक पायरी वर चढणे वाटते. पण पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा. त्यातून लाट तत्काळ आत. वैशाखाच्या दुपारी तो साठ-पासष्ट अंशांवर जातो. तापलेली वस्तू किरणांनी किती उष्णता फेकते, याचा नियम १८७९ मध्ये ऑस्ट्रियाच्या श्टेफानने सांगितला. त्याप्रमाणे हिशेब केला तर पासष्ट अंशांचा पत्रा खाली बसलेल्याच्या अंगाला दर चौरस मीटरमागे ताशी दीडशे ते दोनशे मापे देतो. शेतातल्या मजुराच्या कष्टाच्या निम्म्याहून अधिक ओझे असे बसल्या जागी अंगावर येते. बाळंतीण, तान्हे मूल, बाजेवरची आजी, यांनी काही न करता ते सोसायचे असते. संध्याकाळी सातला बातमीत सांगतात ते तापमान सावलीतल्या, हवेशीर लाकडी पेटीतले असते. पत्र्याखालच्या आजीचा अंक कोणी सांगत नाही.

यावर लोकांनी आपापल्या परीने उपाय काढले आहेत. कोणी पत्र्याला चुना फासतो. पांढरा रंग ऊन परतवतो. पुष्कळ ठिकाणी पत्र्यावर पऱ्हाट्या नाही तर कडबा अंथरतात. यातला कडबा हे निमित्त, खरे काम करते ते त्याच्या पोकळीत अडकलेली हवा. लोकर आणि पिसे ऊब राखतात ती त्यांच्यात कोंडलेल्या हवेमुळे, हे त्याच रम्फर्डने तोफांच्याही आधी दाखवले होते. आपली गोधडीही त्याच हवेवर चालते. वाळलेल्या पऱ्हाटीला ठिणगीचे भय असते, म्हणून काही घरी पत्र्यावर ओली पोती टाकतात. दुपारी दोनपर्यंत पोती वाळून कडक होतात आणि कोणीतरी शिडी लावून पुन्हा बादली वर नेतो. एका लिटरला ५८० मापे, हा हिशेब तेथेही चुकत नाही. फक्त ज्या गावात वैशाखात टँकर येतो, तेथे ती बादली पिण्याच्या पाण्यातून काढावी लागते.